सतरावरून अकरा

तर झालं असं, की माझा एक जुना रूम पार्टनर (नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही) गेले काही महिने मानसोपचारतज्ज्ञांकडे जातोय. डिप्रेशन. पहिल्या भेटीत त्याच्या हातात नऊ प्रश्नांचा एक कागद दिला गेला. 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला अमुक त्रास किती वेळा झाला?' प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन मार्क. बेरीज आली सतरा. दोन महिन्यांनी परत तोच कागद, बेरीज अकरा. डॉक्टर म्हणाले, "छान, सुधारणा आहे."

बाहेर टपरीवर चहा घेताना तो मला म्हणाला, "अरे, सहा मार्क कमी झाले म्हणजे माझं नक्की काय कमी झालं?"

आता मी दिवसभर ऑफिसात आकडेच बघतो. रिस्पॉन्स टाइम, एरर रेट, हिरवे-लाल डॅशबोर्ड. सर्व्हरचा सीपीयू ९० वरून ६० वर आला तर काय झालं हे मी झोपेतही सांगेन. पण या सहाचं उत्तर मला देता येईना. 'म्हणजे तू बरा होतोयस' असं काहीतरी पुटपुटलो. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की क्लायंटसमोर 'इट वर्क्स ऑन माय मशीन' म्हणणाऱ्याकडे आपण बघतो तसं.

मग दोन-तीन वीकेंड याच नादात गेले. हे जे काही वाचलं ते इथे लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, इंजिनीअर आहे, त्यामुळे यात सल्ला शोधू नका. हा फक्त मोजपट्टीचा इतिहास आहे.

सुरुवात करू अमेरिकेतल्या वेड्यांच्या इस्पितळांपासून (तेव्हाचाच शब्द वापरतोय). १८४० च्या दशकात तिथे नवी नवी इस्पितळं उघडत होती आणि सरकारकडून पैसे मिळवायचे तर 'आम्ही इतके टक्के रुग्ण बरे करतो' हे दाखवणं भाग होतं. ओहायोत विल्यम ऑल नावाचे एक अधीक्षक होते. त्यांनी चक्क शंभर टक्के रुग्ण बरे झाल्याचा दावा केला. लोकांनी त्यांचं नाव ठेवलं 'डॉक्टर क्युअर-ऑल'. आडनावावर याहून चांगली कोटी पुलंनाही सुचली नसती!

युक्ती काय होती? टक्केवारी काढताना खाली भरती झालेल्यांची संख्या घ्यायची नाही, फक्त घरी सोडलेल्यांची घ्यायची. सोडलेले बरेच असणार ना, म्हणून तर सोडले. ही हवा शेवटी काढली मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिनी अर्ल यांनी. त्यांचं पुस्तक आलं १८८७ साली. जुन्या वार्षिक अहवालांतल्या नोंदी तपासून त्यांनी दाखवून दिलं, की बरे होणाऱ्यांच्या आकड्यात एकच माणूस पुन्हा पुन्हा मोजला जातोय. बरा झाला, घरी गेला, परत आजारी पडला, परत भरती, परत बरा. प्रत्येक वेळी एक 'बरा' जमा! डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. साहेब 'काउंट' लावत होते, 'काउंट डिस्टिंक्ट' लावायचं विसरले होते. विसरले की विसरल्यासारखं केलं, ते सोडून देऊ.

पण इथे मोजत होते माणसं. माणसाच्या आतला त्रास कुणी मोजत नव्हतं. त्याची गरज पडली पहिल्या महायुद्धात. तोफांच्या माऱ्यात सैनिक थरथरायला लागायचे, वाचा जायची, अंगावर जखम मात्र नाही. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यासाठी 'शेल शॉक' हा शब्द छापला. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली तेव्हा लाखोंच्या भरतीतून असे कोलमडू शकणारे कोण, हे आधीच ओळखता येईल का असा प्रश्न आला. प्रत्येकाची मुलाखत घ्यायला मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? कोलंबिया विद्यापीठातल्या रॉबर्ट वुडवर्थनी उपाय काढला. मुलाखतीतले प्रश्नच कागदावर छापायचे, पुढे हो किंवा नाही, आणि बेरीज करायची. ११६ प्रश्न झाले. प्रत्यक्ष वापर होईपर्यंत युद्धच संपलं (आमच्या बऱ्याच प्रोजेक्ट्ससारखं), पण कल्पना राहिली: माणसाला विचारा, त्याच्या उत्तराला आकडा द्या, बेरीज करा. माझ्या मित्राच्या हातातला कागद याच वंशातला.

आता येतो माझा आवडता भाग. साल १९५२, लंडनचं मॉड्स्ली हॉस्पिटल. तिथे हान्स आयझेंक नावाचा एक मानसशास्त्रज्ञ. मूळचा बर्लिनचा, हिटलर आल्यावर जर्मनी सोडून आलेला, वय छत्तीस, आणि स्वभावाने असा की दगड मारायला मोहोळच शोधणार. त्याने जेमतेम पाच-सहा पानांचा एक लेख लिहिला. विचारलं एवढंच: मानसोपचाराने, म्हणजे नुसत्या बोलण्याच्या उपचाराने, माणसं खरंच बरी होतात का? तोवर प्रकाशित झालेले २४ अहवाल घेतले, सात हजारांवर रुग्ण. त्याचं उत्तर असं: मनोविश्लेषण घेतलेले ४४ टक्के सुधारले. मिश्र पद्धतीचे उपचार घेतलेले ६४ टक्के सुधारले. आणि ज्यांना असे कोणतेही खास उपचार मिळाले नाहीत, जे फक्त इस्पितळात ठेवले होते किंवा साध्या फॅमिली डॉक्टरकडे जात होते, ते सुधारले ७२ टक्के!

म्हणजे जितका जास्त उपचार, तितकं कमी बरं होणं. कल्पना करा काय हलकल्लोळ झाला असेल.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा टाळी वाजवली. मग सवयीप्रमाणे आकडे कुठून आले ते बघायला गेलो, आणि टाळीचा हात खाली आला. ७२ टक्क्यांचे दोन स्रोत. एक, न्यूयॉर्क राज्याच्या इस्पितळांतून 'बरा' किंवा 'सुधारला' असा शिक्का मारून सोडलेले लोक. दुसरा, एका विमा कंपनीकडे 'मनाच्या आजारामुळे काम करता येत नाही' असा दावा केलेली ५०० माणसं. त्यांच्या बाबतीत बरं होणं म्हणजे मुख्यतः कामावर परत रुजू होणं, आणि तक्रार नसणं किंवा अगदी किरकोळ असणं. उलट मनोविश्लेषणाच्या बाजूला बरं झालं की नाही हे ठरवलं होतं विश्लेषकांनी, आणि त्यांची अपेक्षा फार मोठी. त्यात आयझेंकने मधेच उपचार सोडून गेलेल्यांनाही 'सुधारला नाही' या रकान्यात टाकलं होतं. त्यांना वगळलं की ४४ चे होतात सुमारे ६६. म्हणजे तीन दुकानांतले तीन काटे, एकावर किलो, एकावर शेर, एकावर अंदाजपंचे, आणि आयझेंकने तिन्ही आकडे शेजारी मांडून कोण जड ते सांगून टाकलं.

पण गंमत बघा. उत्तर चुकीचं असलं तरी प्रश्न अगदी बरोबर होता. उपचार घेतलेला माणूस बरा झाला म्हणजे उपचाराने बरा झाला असं कशावरून? माणूस डॉक्टरकडे जातो कधी? सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतरचा आठवडा बहुतेक वेळा थोडा बरा असणारच, काही केलं नाही तरी. फ्रान्सिस गाल्टनने १८८० च्या दशकात आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीत हेच पाहिलं होतं: टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप सरासरीकडे सरकतं. आपल्या आज्या सांगायच्या ना, सर्दी औषधाने सात दिवसांत जाते आणि औषध न घेता आठवड्यात. त्यामुळे तुलनेला उपचार न घेतलेला गट हवा आणि दोन्ही गटांना एकच काटा हवा. आयझेंकने डिवचलं नसतं तर हे इतक्या लवकर झालं असतं असं मला वाटत नाही.

(या आयझेंकच्या नशिबी पुढे काय आलं? कर्करोग आणि स्वभाव यांचा संबंध सांगणारे त्याचे नंतरचे लेख इतके अविश्वसनीय निघाले, की २०१९ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीत २६ लेख 'असुरक्षित' ठरवले गेले. तो १९९७ मध्येच गेला होता. दुसऱ्यांचे आकडे फाडणाऱ्याने स्वतःचे नीट बघितले नव्हते.)

एकच काटा हवा, पण तो बनवायचा कुणी? दोघांनी बनवला, एक वर्ष मागेपुढे.

पहिले मॅक्स हॅमिल्टन, १९६०, इंग्लंडातलं लीड्स. नैराश्यावरची नवी औषधं नुकतीच आली होती आणि ती चालतात का हे तपासायला काहीतरी पट्टी हवी होती. हॅमिल्टननी १७ मुद्द्यांची यादी केली: उदासी, अपराधी भावना, आत्महत्येचे विचार, झोप, कामातला रस, चिंता, वजन वगैरे. रुग्णाने भरायची नाही, डॉक्टरने मुलाखत घेऊन मार्क द्यायचे. बेरीज जास्तीत जास्त पन्नासच्या आसपास जाते. मूळ लेखातल्या सगळ्या गणिताचा पाया होता ४९ रुग्ण, सगळे पुरुष. दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे मार्क द्यावेत असंही हॅमिल्टन यांचं म्हणणं होतं. आणि ही पट्टी आजार ओळखायला नाही, आधीच निदान झालेल्याचा त्रास किती आहे ते बघायला आहे, हेही.

नंतरच्या लोकांनी काय केलं? जे प्रत्येक चांगल्या स्क्रिप्टचं होतं तेच. एकाने स्वतःच्या कामापुरती लिहिली, दुसऱ्याने उचलली, तिसऱ्याने प्रॉडक्शनवर टाकली. पुढची कित्येक दशकं नैराश्यावरच्या औषधांच्या चाचण्या याच पट्टीवर तोलल्या गेल्या.

आता या १७ मुद्द्यांकडे नीट बघा. त्यात तीन मुद्दे एकट्या झोपेचे आहेत: लवकर झोप न लागणं, मधे जाग येणं, पहाटे फार लवकर जाग येणं. तिन्ही मिळून सहा मार्क. आणि 'मन उदास आहे' याला? चार. म्हणजे ज्या औषधाने नुसती गाढ झोप लागते ते औषध, मन होतं तिथेच ठेवून, सहा मार्कांपर्यंत कमाई करू शकतं. २००८ साली अर्व्हिंग कर्श यांनी ३५ चाचण्यांचा हिशेब मांडला तेव्हा औषध आणि साखरेची गोळी यांच्यात या पट्टीवर सरासरी फरक निघाला १.८ मार्कांचा. त्या काळी ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत 'जाणवण्याजोगा' फरक धरला होता ३. हे वाचून कुणी आपली गोळी बंद करू नका, कृपा करून. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'ला ५२२ चाचण्यांचा एकत्र अभ्यास आला, त्यात तपासलेली २१ च्या २१ औषधं साखरेच्या गोळीपेक्षा सरस निघाली. मी बोलतोय ते पट्टीबद्दल. १.८ हा आकडा लहान आहे की मोठा, हे त्यातला किती भाग झोपेचा आणि किती मनाचा ते कळल्याशिवाय सांगता येत नाही, आणि बेरीज ते सांगत नाही. बेरीज केली की ओळींची नावं पुसली जातात.

दुसरी पट्टी १९६१ ची. फिलाडेल्फियातले अ‍ॅरन बेक. हे शिकले मनोविश्लेषण. नैराश्य म्हणजे आतल्या आत वळलेला राग, असं फ्रॉइडपंथीयांचं म्हणणं, ते पुराव्याने सिद्ध करावं म्हणून रुग्णांची स्वप्नं तपासायला बसले. तिथे राग सापडेना. सापडलं ते वेगळंच: स्वप्नांतही ही माणसं हरलेली, नाकारलेली, टाकून दिलेली. त्यातून पुढे त्यांचा विचारांवर काम करणारा उपचार जन्माला आला. त्यांच्या प्रश्नावलीत २१ मुद्दे, प्रत्येकी शून्य ते तीन, जास्तीत जास्त ६३. बेक १०० वर्षं जगून २०२१ मध्ये गेले.

आणि इथे मला हसू आलं. हॅमिल्टनच्या पट्टीत झोप, भूक, शरीर यांना वजन जास्त. बेकच्या पट्टीत अपराधीपणा, स्वतःला दोष देणं, अपयशाची भावना यांना जास्त. म्हणजे पहिली औषधाला मानवणारी, दुसरी बेकच्या उपचाराला. कुणी मुद्दाम केलं असं नाही. ज्याने जे रोज पाहिलं ते त्याने कागदावर उतरवलं. पण आमच्याकडे डेव्हलपरलाच स्वतःच्या कोडचे टेस्ट केस लिहू देत नाहीत ते याच कारणाने. २०१७ साली आयको फ्रीड या संशोधकाने नैराश्याच्या सात नेहमीच्या पट्ट्या शेजारी ठेवून लक्षणांची यादी केली. एकूण ५२ वेगवेगळी लक्षणं निघाली. त्यातली ४० टक्के लक्षणं फक्त एकेका पट्टीत होती, आणि सातही पट्ट्यांत असलेली फक्त १२ टक्के. सगळ्या पट्ट्यांवर नाव मात्र एकच, 'डिप्रेशन'. आधी २०१५ मध्ये त्यानेच अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातल्या ३,७०३ रुग्णांची लक्षणं जुळवून पाहिली होती, तर १,०३० वेगवेगळे संच सापडले होते.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९७२ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडनच्या डॉक्टरांची तुलना छापून आली. न्यूयॉर्कवाले लंडनवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त जणांना स्किझोफ्रेनिया ठरवत होते. फरक रुग्णांत कमी, डॉक्टरांच्या सवयीत जास्त. १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी मानसोपचाराचे ३७५ अभ्यास एका गणितात बसवले. वेगवेगळ्या पट्ट्यांचे आकडे एकत्र कसे करायचे? प्रत्येक फरकाला त्या त्या पट्टीच्या प्रमाण विचलनाने भागायचं, मग मार्क कितीपैकी हा प्रश्नच उरत नाही. 'मेटा-अ‍ॅनालिसिस' हा शब्द ग्लासचाच, आदल्या वर्षीचा. उत्तर आलं ०.६८, म्हणजे उपचार घेतलेला सरासरी माणूस उपचार न घेतलेल्या पंच्याहत्तर टक्के लोकांपेक्षा बरा. आयझेंकने उत्तरादाखल जो लेख लिहिला त्याच्या शीर्षकातच 'मेगा' आणि मूर्खपणा हे शब्द एकत्र आणले होते. म्हातारा बदलला नव्हता.

पण सरासरी माणूस घेऊन माझ्या मित्राने काय करायचं? तो एकटाच आहे. त्याचे सतराचे अकरा झालेत.

त्याच्या प्रश्नाला थेट भिडला नील जेकबसन, वॉशिंग्टन विद्यापीठातला. १९९१ साली त्याने पॉला ट्रुआक्स हिच्यासोबत एक लेख लिहिला आणि 'बरं होणं' याचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा: बदल खरा आहे का? घरातल्या वजनकाट्यावर सकाळी उभे राहा, उतरा, परत उभे राहा. दोनशे ग्रॅमचा फरक येईल. म्हणून तुम्ही बारीक झालात असं होत नाही, काट्याचा तेवढा हलकेपणा असतोच. तसंच प्रश्नावलीचंही. तिची चूक किती असते हे काढता येतं, आणि बदल त्या चुकीच्या पलीकडे गेला तरच तो मोजायचा. दुसरा तुकडा: पोचलात कुठे? आजारी लोकांच्या गर्दीतून निघून चारचौघांच्या गर्दीत आलात का? दोन्ही झालं तर बरा. पहिलंच झालं तर सुधारला, पण बरा नाही.

मला हे फार आवडलं. साधं गणित आहे, बारावीच्या मुलाला करता येईल.

मित्राच्या हातातला कागद म्हणजे पीएचक्यू-९. हा १९९९ ते २००१ च्या सुमाराला आकाराला आला, कर्ट क्रोएन्के, रॉबर्ट स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स या तिघांच्या हातून. हे स्पिट्झर म्हणजे अमेरिकन मानसोपचाराची निदानाची पोथी १९८० साली नव्याने लिहून काढणारे. त्या पोथीत नैराश्याची नऊ लक्षणं, म्हणून कागदावर नऊ प्रश्न. एकूण २७, आणि दहा किंवा जास्त आले की लक्ष द्या. पैसे दिले होते फायझर कंपनीने, जी तेव्हा सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध विकत होती. यात तुम्हाला कटाचा वास आला तर मलाही आला. पण दुसरी बाजू अशी, की बेकची प्रश्नावली विकत घ्यावी लागते आणि ही फुकट आहे, कुणीही छापावी, कुणीही वापरावी. आमच्या क्षेत्रात फुकट आणि बरं यापुढे महाग आणि उत्तम कितीदा हरलंय ते सांगायला नको.

या कागदातही गमती आहेत. भूक लागत नाही 'किंवा' फार खाल्लं जातं, हा एकच प्रश्न. झोप येत नाही 'किंवा' फार येते, हाही एकच. हालचाल मंदावली 'किंवा' फार अस्वस्थ, तोही एकच. मधे 'ऑर' टाकून ठेवलाय. मित्राचे पहिल्या खेपेला झोपेचे तीन मार्क होते कारण झोप नव्हती. औषध सुरू झाल्यावर तो दहा-दहा तास झोपायला लागला, आणि प्रामाणिकपणे परत तीनच लिहिले!

इंग्लंडने हा कागद सरकारी योजनेच्या पायात घातला. अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयार्ड आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांच्या पाठपुराव्याने २००८ पासून देशभर बोलण्याचे उपचार सुरू झाले (२०२३ मध्ये योजनेचं नाव बदललं), आणि अट अशी की प्रत्येक भेटीत कागद भरायचा, फक्त पहिल्या आणि शेवटच्या नाही. का? लोक मधेच यायचे बंद होतात, आणि जे बंद होतात ते बहुधा कमी सुधारलेले असतात. शेवटचा कागद त्यांचा नसतोच. प्रत्येक भेटीत भरला की निदान सोडून जाण्याच्या आदल्या भेटीचा आकडा हातात राहतो. डॉक्टर क्युअर-ऑलना दिलेलं हे उत्तर म्हणायचं, दीडशेहून अधिक वर्षं उशिरा. आमच्या भाषेत, लॉग शेवटी नाही लिहायचा, प्रत्येक पायरीला लिहायचा, कारण क्रॅश झाल्यावर शेवट येतच नाही.

या योजनेत पीएचक्यू-९ चा बदल सहा किंवा जास्त असेल तर तो भरवशाचा धरतात. आणि दहाच्या खाली आलात तर पलीकडच्या तीरावर. (चिंतेची वेगळी पट्टी असते, तीही खाली यावी लागते.) म्हणजे सतरावरून अकरा: भरवशाचा बदल, अगदी काठावर, पण तीर अजून दोन मार्क लांब. दहावरून नऊवर आलेला माणूस मात्र पलीकडे पोचला, एका मार्काच्या जोरावर. म्हणून तिथे आता दोन्ही अटी एकत्र पाळणाऱ्यांचा आकडाही वेगळा देतात.

आता वाटेल की इतके कागद कशाला, अनुभवी माणसाला बघून कळत नाही का? मलाही वाटायचं. २००५ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात उपचार करणाऱ्यांना विचारलं होतं, तुमच्या ५५० जणांपैकी शेवटी कोणाची तब्येत आणखी बिघडलेली असेल? त्यांनी तिघांची नावं घेतली. प्रत्यक्षात ४० जण बिघडले. तिघांपैकी बरोबर निघालं एक नाव. मायकल लँबर्ट यांच्या ४५ प्रश्नांच्या कागदावरून चालणाऱ्या साध्या हिशेबाने मात्र त्या चाळिसांपैकी बहुतेकांची सूचना आधीच दिली होती. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. ते लोक निष्काळजी नव्हते. रोज समोर बसणाऱ्या माणसाचं वाईट होणार असं मनात आणणं कठीण असतं, एवढंच.

आपल्या बाजूला येतो. गोव्यात १९९६ पासून 'संगत' ही संस्था काम करते, विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. तिथला प्रश्न आयझेंकच्या प्रश्नापेक्षा वेगळा होता: मानसोपचारतज्ज्ञच पुरेसे नाहीत, तर मग? पटेलांनी त्याआधी झिंबाब्वेत शोना भाषेत, तिथल्या लोकांच्या तोंडच्या शब्दांतून, १४ प्रश्नांची यादी बनवली होती. गोव्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी परदेशी प्रश्नावल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांवर तपासून पाहिल्या. इथे माणूस 'मी उदास आहे' म्हणून येत नाही. अंग दुखतं, थकवा आहे, झोप नाही, टेन्शन आहे म्हणून येतो. आपल्याकडेही 'जीव लागत नाही', 'कसंतरीच होतंय', 'छातीत धडधडतं' असंच म्हणतात की. 'डाउन' वाटण्याला मराठीत काय लिहाल? उदास लिहिलं तर माझ्या आजीला ते नाटकातलं वाटेल. 'मन खातं' लिहिलं तर तिला लगेच कळेल, पण ते तेच आहे का?

पटेल आणि मंडळींची एक चाचणी २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. गोव्यातली दहा आरोग्य केंद्रं, पीएचक्यू-९ वर चौदाच्या वर असलेले ४९५ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचीच, पण जरा नीट केलेली सेवा. निम्म्यांना त्याबरोबर सहा ते आठ भेटी, त्याही डॉक्टरच्या नाहीत, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांच्या. भेटीत काय? सोडून दिलेली कामं, माणसं, फिरणं परत थोडं थोडं सुरू करायचं. तीन महिन्यांनी दहाच्या खाली आलेले: भेटी मिळालेल्यांत ६४ टक्के, न मिळालेल्यांत ३९ टक्के. आता ते ३९ परत बघा. समुपदेशकाशिवायच शंभरातले ३९ जण खाली आले. तुलनेचा गट नसता तर ६४ चे सगळे श्रेय भेटींना गेलं असतं. आयझेंकचा प्रश्न गोव्याच्या आरोग्य केंद्रात येऊन पोचला, आणि या वेळी दोन्ही बाजूंना काटा एकच होता.

हे सगळं मी मागच्या रविवारी मित्राला सांगितलं. वजनकाटा, भरवशाचा बदल, दोन मार्क लांब असलेला तीर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे सहा खरे आहेत." खरे आहेत म्हटलं, काठावर. "बरं," म्हणाला, "पण ज्याच्यासाठी मी गेलो होतो तो प्रश्न त्या नऊमध्ये नाहीच."

तेव्हा मला मॉड्स्लीतला आणखी एक माणूस आठवला, आयझेंकच्याच संस्थेतला. माँटी शपिरो. बेकची प्रश्नावली आली त्याच वर्षी, १९६१ मध्ये, त्यांनी एक वेगळीच रीत मांडली होती. छापील प्रश्न नाहीतच. रुग्णाला विचारायचं तुझा त्रास काय, त्याच्याच शब्दांत तो चिठ्ठ्यांवर लिहायचा: एकीवर आजचा त्रास, एकीवर थोडा कमी झालेला, एकीवर गेलेला. मग दर खेपेला दोन दोन चिठ्ठ्या समोर ठेवायच्या आणि आज यातली जवळची कोणती एवढंच विचारायचं. बेरजेला आणि तुलनेला गैरसोयीचं, प्रत्येक माणसाची पट्टी वेगळी. त्यामुळे ते हॅमिल्टन-बेकसारखं जगभर गेलं नाही.

मी त्याला हे सांगितल्यावर त्याने टपरीवरचा बिलाचा कागद उलटा केला आणि तीन ओळी लिहिल्या. 'आईचा फोन वाजला की उचलत नाही.' 'उचलतो पण लगेच ठेवतो.' 'मीच करतो.' पेन माझ्याकडे परत देऊन मधल्या ओळीवर बोट ठेवलं.